एकटंच बसलायसा?

माणसं बघत बसणं हा माझा एकुलता एक छंद. त्याला भांडवल लागत नाही, सामान लागत नाही आणि इतक्या वर्षांत त्यात प्रगती काय केली, असंही कुणी विचारत नाही. अट एकच : आपण बघतोय, हे कुणी बघता कामा नये. पुण्यात ही अट आपोआप पुरी होते. संभाजी बागेतल्या बाकावर मी दुपारच्या दुपारी काढल्यात, पण कुणी माझ्याकडं मान वळवून बघितलं नाही. एकदा एक गृहस्थ शेजारी टेकले. पेपर उघडला, पुरा वाचला, घडी घातली आणि उठता उठता आभाळाकडं बघून म्हणाले, "पूर्वी इथं सावली जास्त होती." ते मला सांगत होते, झाडाला की महापालिकेला, हे कळायच्या आत निघूनही गेले. माणसं बघणाऱ्याला याहून चांगला शेजार मिळायचा नाही.

कोल्हापुरात हे होत नाही. मी जन्मानं कोल्हापूरचा आणि नोकरीनं पुण्याचा, त्यामुळं दोन्ही गावांना पडणाऱ्या शिव्या आपल्याच समजून खातो. पण खरं ते सांगितलं पाहिजे. कोल्हापुरात एकटा बसलेला माणूस ही सार्वजनिक बाब असते. रस्त्यात झाड आडवं पडलं की चारजण हात लावायला धावतात, तसे बाकावर एकटा माणूस दिसला की धावतात. त्याचं काहीतरी बिघडलंय आणि ते आपल्याला दुरुस्त करता येईल, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नसते. पु. ल. देशपांड्यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर कसं व्हावं ते सांगून ठेवलंय, कोल्हापूरकराला वगळलंय. विसरले नसणार. कोल्हापूरकर आपण व्हायचं नसतं. आपण नुसतं कुठंतरी बसायचं, बाकीचं ते करून घेतात.

आता रंकाळ्याकाठचा नंदी घ्या. बिचारा किती शतकं एका जागी बसून आहे. पण तो नुसता बसलाय, हे गावानं काही मान्य केलेलं नाही. तो रोज गव्हाभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं येतो, असं सांगतात. ज्या दिवशी तळ्यापाशी पोचेल त्या दिवशी जगबुडी. म्हणजे दगडाचा नंदी जरी बसलेला दिसला, तरी 'हा निघालाय कुठं?' असाच प्रश्न या गावाला पडला आणि उत्तर मिळेना म्हणून त्यांनी ते स्वतःच तयार केलं.

हे सगळं माहीत असूनही परवा गावी गेलो तेव्हा एक तास निवांत बसून माणसं बघायचीच, असं ठरवलं. जागेचा प्रश्न होता. रंकाळ्याची चौपाटी बाद, कारण तिथं संध्याकाळी भेळेच्या गाडीपाशी आपला अख्खा वंशवृक्ष पानापानानं भेटतो. महावीर उद्यानात माणसं इतक्या जोरात चालतात की फक्त पाठी दिसतात, आणि पाठीवरून माणूस ओळखण्याइतका माझा अभ्यास नाही. राहता राहिली टाऊन हॉलची बाग. दुपारची वेळ, मोठी झाडं, मधोमध ती टोकदार मनोऱ्यांची काळसर दगडी इमारत. मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकारानं 1872 ते 1876 या काळात बांधलेली. नाव टाऊन हॉल असलं तरी 1949 पासून आत वस्तुसंग्रहालय आहे. कोल्हापूरकर तिथं स्वतः फारसा जात नाही, पाव्हण्याला पाठवतो. त्यामुळं बागेत गर्दी नसणार, असा माझा अंदाज होता.

अंदाज करताना मी भूगोल लक्षात घेतला नव्हता असं मात्र नाही. भाऊसिंगजी रस्त्याच्या या टापूत एका बाजूला सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. त्याच्यासमोर जुन्या कोर्टाची इमारत, आणि तिथं 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच भरतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची भांडणं आता या रस्त्यावर येतात. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. दवाखान्याची तर वेड्यानंही चढू नये. पण ज्यांना यातली एक तरी पायरी चढावी लागते, ते सगळे दुपारी उतरून सावली शोधतात. आणि सावली टाऊन हॉलच्या बागेत. माणसं बघणाऱ्याला आणखी काय पाहिजे? सहा जिल्ह्यांचा माल एका बागेत, तोही बसलेला.

मी एक रिकामा बाक निवडला. अंगावर सावली, समोर फाटकापर्यंतची वाट, हातात पुस्तक. पुस्तक वाचायला नव्हतं. माणसं बघताना डोळ्यांना घरी परत यायला एक जागा लागते, तेवढ्यासाठी.

पहिलं पानही उघडलं नव्हतं, तेवढ्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाला स्टीलचा तीन पुडांचा डबा ठेवल्याचा आवाज झाला. पाठोपाठ मावशी बसल्या. गडहिंग्लजकडच्या असाव्यात, बोलण्यात तिकडचा हेल होता. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "पेशंट कोण हाय तुमचं?"

"कोण नाही."

"मग तारीख हाय व्हय?"

"नाही, तारीख पण नाही."

मावशींनी डबा आपल्याकडं ओढून घेतला. त्यांचंही बरोबर होतं. ज्याचं कुणी आजारी नाही आणि ज्याच्यावर कसला दावा नाही, असा धडधाकट माणूस भर दुपारी या बागेत येऊन बसतो म्हणजे याच्या मनात काहीतरी असणार. थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मला वाटलं, आता पुस्तकाआडून फाटकाकडं बघायला सुरुवात करावी. पण मावशींच्या मनात संशयाची जागा दुसऱ्याच गोष्टीनं घेतली असावी. डबा हळूहळू पूर्वीच्या जागी आला, नंतर आणखी माझ्या बाजूला आला.

"घरात काय वाजलंय का?" त्यांनी आवाज उतरवून विचारलं.

"नाही हो, मावशी. सहज बसलोय."

"आसंच म्हंत्यात," मावशी म्हणाल्या. "आमचा मोठा दीर बी सहजच बसाय जायचा, गावाभायेर वड्याला. जेवलायसा का?"

आता 'जेवलायसा का' हा कोल्हापुरात प्रश्न नसतो, ती पूर्वसूचना असते. मी हो म्हणालो. माझं हो म्हणणं बाद धरून मावशींनी डब्याचं वरचं पूड काढलं. त्यात मऊ भात होता, तो पेशंटचा. खालच्या पुडात भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा, तो मावशींचा. पेशंटसाठी पथ्य आणि सोबतच्यासाठी खर्डा, अशी वाटणी सीपीआरच्या आवारात शिरणाऱ्या पुष्कळ डब्यांत असते. कारण आजारपण सोसायला पेशंटपेक्षा सोबतच्याला जास्त ताकद लागते. भाकरीचा चतकोर माझ्या हातात पडला. डोळ्यांत पाणी आलं ते खर्ड्यानं, पण मावशींनी ते घरातल्या भांडणाच्या खात्यावर जमा केलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

या प्रसंगाकडं लांबून बघणारे एक काका होते. पांढरी टोपी, काखेत 'पुढारी'ची सुरनळी. ते आले आणि न विचारता बाकाच्या मध्ये बसले. काकांचंही कुणी आजारी नव्हतं आणि त्यांचीही कसली तारीख नव्हती. पण त्यांना कुणी कारण विचारत नाही, कारण ते रोज येतात. रोज केलेल्या गोष्टीला कोल्हापुरात कारण लागत नाही. कुठला वॉर्ड कुठल्या मजल्यावर, केसपेपर कुठल्या खिडकीवर, कुठल्या वकिलाला गाठायचं तर चहाच्या कुठल्या टपरीवर, ही सगळी माहिती काका फुकट वाटतात. विचारणाऱ्याला तर देतातच, न विचारणाऱ्याला आधी देतात.

"ह्यांस्नी काय झालंय?" काकांनी मावशींना विचारलं. मला नाही. मी आता पेशंट झालो होतो.

"काय सांगंनात," मावशी म्हणाल्या.

काकांनी मान हलवली आणि माझं मन रमवायला टाऊन हॉलची गोष्ट सुरू केली. मँटसाहेबांची गोष्ट कोल्हापुरात बऱ्याच जणांना येते. या माणसानं टाऊन हॉल बांधला, नवा राजवाडा आखला, बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा आखला आणि मग आपले हिशेब चुकलेत, ही सगळी बांधकामं कोसळणार, या धास्तीनं त्याचं डोकं फिरलं, असं सांगतात. 1881 मध्ये तो गेला. नवा राजवाडा त्यानंतर, 1884 मध्ये पुरा झाला.

"आनी बघा," काका टाऊन हॉलकडं काठी करून म्हणाले, "एक दगुड हाललाय का? उगंच जीव घालवला मानसानं."

मी त्या मनोऱ्यांकडं बघितलं. मला वाटतं, मँटसाहेबाची अडचण गणिताची नव्हती. एवढी मोठी काळजी घेऊन तो बसत असेल कुठंतरी मेजापाशी, आणि साहेब म्हणून त्याच्या वाटेला कुणी जात नसेल. इथं या बाकावर येऊन टेकला असता तर पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी विचारलं असतं, "सायेब, एकटंच बसलायसा?" मग भिंतीची जाडी, कमानीचा भार, सगळं बाहेर आलं असतं. दोन गवंडी, एक पैलवान आणि एक निवृत्त तलाठी यांनी मिळून जागेवर निकाल दिला असता की काही होत नाही, बिनघोर ऱ्हावा.

असो. मी माणसं बघायला आलो होतो. समोरच्या झाडाखाली एक मुलगा आणि एक मुलगी बसली होती. दोघांच्या मध्ये एक्स-रेचा मोठा पिवळा लिफाफा. चेहरे गंभीर. मला त्यांचं वाईट वाटलं. मावशींना अजिबात वाटलं नाही.

"त्यो लिफाफा गेल्या हप्त्यात बी हुता," मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या. त्यांचा पेशंट आठवडाभर आत होता आणि तेवढ्यात बागेतल्या सगळ्या कागदपत्रांची त्यांना ओळख झाली होती. मग त्यांनी तिथूनच हाक मारली, "कुणाचा फोटू हाय रं, बाळ?"

"मामाचा," मुलगा दचकून म्हणाला.

"काय मोडलंय?"

"हात," मुलगा म्हणाला. "पाय," मुलगी त्याच क्षणी म्हणाली.

काका उठले. त्यांनी जाऊन लिफाफा मागून घेतला, फिल्म बाहेर काढली आणि उन्हाकडं धरून नीट बघितली. सगळी बाग वाट बघत होती. काका म्हणाले, "छातीचा हाय. म्हंजे दुखनं बरोबर हाय."

मुलगी लाजून उठली. "मी जातो," ती म्हणाली, "तू ये मागनं." आणि गेलीही. मुलगा लिफाफा मागायला काकांपाशी आला तो बाकापाशीच अडकला. कुठल्या गल्लीतला, वडील काय करतात, पुढं काय विचार आहे, मुलीकडं बोलणं झालंय का, हे सगळं विचारून झाल्यावर काकांनी त्याला सांगितलं की मुलीचा चुलता माझ्या वळखीचा हाय, भिऊ नकोस. ते ऐकून तो जास्तच भ्याला.

यानंतर मात्र खरा पाहुणा आला. फाटकातून एक गृहस्थ शिरले. स्वच्छ पांढरा शर्ट, हातात कापडदुकानाची प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत फाइल. चालण्यावरूनच कळत होतं की हा घाटाखालचा माणूस. कोल्हापूरकर बागेत शिरताना बागेला 'काय म्हंतीस?' असं विचारत शिरतो, आणि हे गृहस्थ बागेनं काही विचारू नये अशा बेतानं आत आले. लांबचा बाक रिकामा होता, तिकडं निघाले. काकांनी इथूनच हाक घातली, "या पाव्हणं! हिकडं या, हिकडं सावली हाय!"

आता कोकणी माणूस आणि कोल्हापुरी माणूस समोरासमोर येणं हा बघण्यासारखाच प्रकार असतो. एकाला सगळं विचारल्याशिवाय चैन पडत नाही, दुसऱ्याला काही सांगितलं तर रात्री झोप लागत नाही. पूर्वी हे दोघं भेटायचे ते गगनबावड्याच्या नाहीतर आंबोलीच्या वाटेवर, एखाद्या चहाच्या हॉटेलात, एसटी थांबेल तेवढ्यापुरते. आता उच्च न्यायालयानं त्यांना एका रस्त्यावर आणून सोडलंय. आधी सिंधुदुर्गातल्या माणसाला अपिलासाठी मुंबई गाठावी लागायची. तिथं कुणी काही विचारत नाही, ही त्या लांबच्या प्रवासातली एक सोय होती. ती बेंचच्या मागणीसाठी झालेल्या आंदोलनांत कुणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

"कुठलं गाव?" काकांनी सुरुवात केली.

"सिंधुदुर्गातला."

"सिंधुदुर्गातलं कुठलं?"

"कुडाळच्या अलीकडे."

"म्हंजे?"

"म्हणजे तसा पलीकडेच." गृहस्थांनी पिशवी मांडीवर घेतली.

"केस कसली?"

"जमिनीची."

"कुणाबरोबर?"

"असत एक."

"भाऊ?"

गृहस्थ टाऊन हॉलच्या मनोऱ्याकडं बघत राहिले. "भाऊच," काकांनी मावशींना सांगितलं. मावशींनी सुस्कारा सोडला.

"किती हाय जमीन?"

"असा थोडो तुकडो."

"थोडो म्हंजे किती? एकर? दोन एकर?"

याला उत्तर मिळायला बराच वेळ गेला. मध्ये काकांनी आपल्या घरातला वाटणीचा दावा पुरा सांगितला, त्यातले साक्षीदार सांगितले, वकिलाची फी सांगितली, आपण कसे हरलो ते सांगितलं. एवढं भांडवल घातल्यावर गृहस्थांच्या तोंडून चार शब्द सुटले : सहा गुंठे, दोन कलमं. म्हणजे हापूसची दोन झाडं. त्यातल्या एका झाडाचं खोड यांच्या हद्दीत आणि फांद्या भावाच्या. आंबे पडतात ते भावाच्या अंगणात. भाऊ म्हणतो, पडले ते माझे.

बाग हळूहळू बाकाभोवती जमली होती. एक्स-रेवाला मुलगा तर होताच. सोलापूरकडनं इथल्या तालमीत आलेला एक तरुण पैलवान, खांदा दाखवायला सीपीआरमध्ये आला होता, तो येऊन बाकाच्या टोकाला टेकला आणि दुसऱ्या टोकाला आम्ही सगळे बोटभर वर आलो. मोडलेले कान, मानेच्या जागी नुसता उतार आणि आवाज मात्र तिसरीतल्या मुलासारखा. "फांदी कापली तर?" त्यानं हळूच विचारलं.

गृहस्थ पहिल्यांदाच तापले. "कलमाक हात लावतलो कोण?"

निकाल बाकावरच लागला. आंबे निम्मे निम्मे, पाटी भावानं पोचवायची आणि दरवर्षी एक पेटी इथं बागेत आणून द्यायची, हे काकांनी वरून घातलं. कोर्टात त्या प्रकरणाचं काय व्हायचं ते होवो. इथं दोन्ही पक्षांपैकी एकच हजर असताना तडजोड झाली.

मध्येच दोन पोरं माझ्यावर येऊन आदळली. अंगात फुटबॉलच्या जर्सी. एक पाटाकडील तालमीचा, दुसरा शिवाजी तरुण मंडळाचा. या गावात फुटबॉल हा पेठांचा मामला आहे, आणि वर्ल्ड कपच्या दिवसांत चौकाचौकात मेस्सी आणि नेमारचे फलक लागतात ते पाहून परक्या माणसाला वाटावं की दोघंही महापालिकेच्या निवडणुकीला उभे आहेत. "काका, तुम्ही भायेरचं दिसताय," एकजण मला म्हणाला, "तुम्ही सांगा. पेनल्टी हुती का नव्हती?"

"मी सामना बघितलेला नाही."

"बघाय कशाला पायजे? हुती का नव्हती, एवढंच सांगा की."

मी पैलवानाकडं बघितलं. तो म्हणाला, "नव्हती." पोरं निमूट गेली. सगळ्या क्रीडाप्रकारांत पंच या अंगकाठीचे ठेवले तर पुष्कळ वेळ वाचेल.

मग काकांनी हवेत बोटं दाखवली आणि चहा आला. मोजून सहा कप. मी म्हणालो, मला नको. बाकावर एकदम शांतता झाली. या सबंध तासातली पहिलीच. आणि ती मला सोसवेना. कारण चहा नको म्हणायला हा रस्ता बरा नव्हे. याच भाऊसिंगजी रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचं 'सत्यसुधारक' हॉटेल होतं. दलित माणसाच्या हातचा चहा गाव पिईना, तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथं थांबून चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबर असलेल्या बड्या मंडळींनाही पाजायचे. छत्रपतींच्या समोर कप परत करायची छाती कुणाची? महाराज गेल्यावर त्यांचं पहिलं स्मारक उभारलं तेही याच गंगाराम कांबळ्यांनी, 1925 मध्ये, नर्सरी बागेत. ज्या रस्त्यावर एका कपानं एवढं काम केलंय, तिथं ॲसिडिटीचं कारण सांगून चहा परत करणं मला जमेना. मी घेतला. गोड होता. कोकणातल्या गृहस्थांनीही घेतला, आणि खिशात हात घालायला लागले तर पैलवानानं त्यांचा हात नुसता धरला. तो हात नंतर ते बराच वेळ चोळत होते.

चहा संपला आणि सगळ्यांना एकदम आपापली कामं आठवली. मावशींची भेटीची वेळ झाली. त्या पेशंटचा भात घेऊन निघाल्या आणि उरलेली दोन पुडं माझ्यापाशी ठेवली. "हितंच हायसा न्हवं? बघा जरा." गृहस्थांना त्यांच्या वकिलाचा फोन आला. त्यांनी फाइल तेवढी घेतली. पिशवीत आणखी एक डबा होता, छत्री होती आणि कसलंतरी रोप होतं. ती पिशवी त्यांनी, अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा असं करत असल्यासारखी, माझ्या पायाशी ठेवली. पैलवानाचा नंबर लागला. त्यानं आपला बदामांचा डबा दिला. मुलाला तिचा फोन आला, तो लिफाफा टाकूनच पळाला. काका म्हणाले, "मी बगून येतो कुणाचं काय चाललंय," आणि टोपी सावरत गेले.

शेवटी मी एकटा. मला हवा होता तसा. समोर वाट, वर सावली. फक्त बघायला बागेत कुणी उरलं नव्हतं.

तेवढ्यात वस्तुसंग्रहालयातून एका शाळेची सहल बाहेर पडली. आतला पोसायडन बघून आली असणार. ग्रीकांचा हा समुद्रदेव, रोमन बनावटीची कांस्याची छोटीशी मूर्ती, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली. 1945-46 मध्ये तिथं मोठं उत्खनन झालं आणि या नदीकाठच्या गावाचा रोमशी व्यापार होता, हे हातात धरून दाखवता येऊ लागलं. समुद्रापासून इतक्या लांब समुद्रदेव आला कसा, यावर विद्वानांनी लिहिलंय. तो परत का गेला नाही, यावर मला कुठं वाचायला मिळालं नाही. माझ्या मते उघड आहे. आणणारा व्यापारी माल विकून निघाला असेल, आणि पंचगंगेच्या घाटावर कुणीतरी म्हणालं असेल, "जेवून जावा की, पाव्हणं."

पोरांची रांग माझ्यासमोरून चालली होती. मी मधोमध, डाव्या हाताला दोन पुडं, उजव्या हाताला बदाम, पायाशी पिशवीतून डोकावणारं रोप, मांडीवर कुणाच्यातरी छातीचा फोटो. हलायची सोय नव्हती. एक पोरगा थांबला, त्यानं मला नीट बघितलं आणि विचारलं, "सर, हे पण म्युझियममधलंच काय?"

सर म्हणाले, "हात लावायचा नाही. पुढं चला."

हळूहळू मंडळी परतली. मावशी हसत आल्या. पेशंटनं भात सगळा संपवला होता आणि वर खर्डा मागितला होता. पैलवानाचं हाड शाबूत निघालं. सगळ्यांत शेवटी काका आणि कोकणातले गृहस्थ एका छत्रीएवढं अंतर ठेवून, पण बरोबर आले. आज काही झालं नव्हतं, पुढची तारीख मिळाली होती. गृहस्थांनी आपली पिशवी उचलली, रोप बाहेर काढलं आणि चाचरत माझ्यापुढं धरलं. "सोनचाफो," ते म्हणाले. "वकिलासाठी हाडलंय. तेका नको जाला. तुमी लावा."

मी ते घेतलं. मग त्यांनी जरा इकडंतिकडं बघून, स्वतः होऊन, कुणी न विचारता एक प्रश्न विचारला.

"पुढच्या तारखेक तुमी हय असतलात मां?"

मी पुण्याचं काहीतरी सांगायला तोंड उघडत होतो. काका आधीच बोलून गेले.

"आसणार की! ह्यांस्नी काय काम हाय? पंधरा तारखेला, अकराच्या आत. डबा मावशी आणतील."